छोट्या गावाचा भूगोल, इतिहास आणि लोकसंख्या नीट कशी लिहायची (गौतमपुऱ्याचं उदाहरण घेऊन)

आमच्या इंदूरात तुम्ही कुठल्याही मराठी घरात जा, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत किंवा सुदामानगरला, कुणाचे ना कुणाचे आजोबा-पणजोबा होळकरांच्या नोकरीत कुठल्यातरी छोट्या कसब्यात राहिलेले असतातच, कुणी देपालपूरला कारकून, कुणी सांवेरला मास्तर, कुणी महेश्वरला देवस्थानात. आमचे आजोबा इंदूर जिल्ह्यातल्या गौतमपुऱ्याला होते. गेल्या दिवाळीत भाच्याने म्हटलं, मावशी तू गावाची माहिती लिहून दे ना, कुटुंबाच्या पुस्तिकेत टाकू, दोन पानं बस. मी म्हटलं दोन पानं काय, आठ दिवसांत देते, आणि त्या दोन पानांना पाच महिने लागले कारण नेटवर जे मिळतं ते सगळं एकमेकांची कॉपी आणि त्यात तहसीलची लोकसंख्या गावाची म्हणून, गावाची तहसीलची म्हणून, कुठल्या सालची ते नाहीच. त्यात जे शिकले ते इथे लिहून ठेवतेय, कुणाला आपल्या गावाचं असं काही करायचं असेल तर वेळ वाचेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा, ती म्हणजे "गाव" म्हणजे नक्की काय. गौतमपुरा म्हटलं तर नगर परिषदेची हद्द का, रेव्हेन्यूवालं गाव का, आजूबाजूची खेडी धरून जो बाजार भरतो तो का? या तिन्हींचे आकडे वेगळे येतात. आणि प्रत्येक छोट्या गावाच्या डोक्यावर त्याच नावाचं काहीतरी मोठं असतंच, देपालपूर गावही आहे, तहसीलही आहे आणि विधानसभेची सीटही आहे. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये तहसीलचा आकडा गावाला लावला होता, भाच्याने तसाच टाइप केला आणि छापायच्या आदल्या दिवशी लक्षात आलं, तेव्हापासून मी वहीत नियमच करून टाकला की आकडा लिहिला की त्याच ओळीत साल आणि हद्द लिहायची, नाहीतर तो आकडा लिहायचाच नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे एक धरून ठेवा.

आता भूगोल. लोक सुरुवात करतात "आमचं गाव निसर्गरम्य आहे" पासून, त्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. सुरुवात करा पाणी कुठे जातं यापासून. खरंच सांगते, माळव्यातल्या कुठल्याही गावाचा भूगोल एका प्रश्नात उलगडतो, पावसाचं पाणी गावातून निघून शेवटी कुठे पोचतं. आपलं माळव्याचं पठार उत्तरेकडे उतरतं, म्हणून चंबळ, क्षिप्रा, गंभीर, काली सिंध सगळ्या नद्या उत्तरेला जातात, जे महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला पहिल्यांदा विचित्र वाटतं कारण तिकडे पूर्वेला किंवा पश्चिमेला जाणाऱ्या नद्यांची सवय. चंबळ महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर उगम पावते आणि गौतमपुऱ्याजवळून जाते, पुढे राजस्थान करून यमुनेला मिळते, म्हणजे गौतमपुऱ्याच्या ओढ्याचं पाणी शेवटी गंगेत. आणि त्याच जानापावच्या दक्षिणेला विंध्याचा कडा उतरला की पाणी नर्मदेत, म्हणजे अरबी समुद्रात. एका डोंगराच्या दोन उतारांचं पाणी दोन वेगळ्या समुद्रांत जातं. माझ्या मते हे एक वाक्य लिहिलं की अर्धा भूगोल झाला. आणि गंमत म्हणजे इंदूर शहर स्वतः गंभीर आणि क्षिप्रेच्या उतारावर बसलंय पण पितं नर्मदेचं पाणी, १९७८ पासून, नर्मदेकाठच्या जलूदहून पंपाने डोंगर चढवून आणलेलं. तुमच्या कसब्याचं पिण्याचं पाणी कुठलं, विहिरीचं, तलावाचं का नर्मदेच्या लाइनचं, आणि ते कधी बदललं, हे जरूर लिहा, गावातल्या बायकांना विचारा, त्यांना साल नाही आठवलं तरी "मोठीचं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी" असं बरोबर सांगतात आणि मग मोठीच्या लग्नाचं साल पत्रिकेवरून काढता येतं.

जागा कशी सांगायची तर मोबाइलवर गुगल मॅप उघडा, गावाच्या चौकावर बोट दाबून धरा, दोन आकडे येतात, अक्षांश आणि रेखांश. गौतमपुरा साधारण २३ अंश उत्तर आणि साडेपंच्याहत्तर अंश पूर्व. आता नुसते आकडे लिहून कोण वाचतंय, त्याचा अर्थ सांगा. कर्कवृत्त २३.४४ अंशाच्या आसपास आहे आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर, म्हणजे गौतमपुऱ्याहून कर्कवृत्त साधारण पन्नास किलोमीटर उत्तरेला. म्हणून जूनमध्ये आपल्याकडे दुपारी सावली पायाखाली येते, हे आजोबा सांगायचे ते आठवलं मला तो हिशेब करताना. उंचीसाठी गुगल अर्थ वापरा नाहीतर इस्रोची भुवन नावाची वेबसाइट, आणि जमलं तर सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे तपशीलवार नकाशा, बघा, ५० हजारला एक स्केलची, त्यात जुन्या विहिरी, देवळं, गाडीवाटा सगळं दाखवलेलं असतं आणि खूपदा आज जे गायब आहे ते तिथे सापडतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, तुमचं गाव त्याच्या वर आहे का खाली एवढं जरी तपासलंत तरी पाणी कुठून कुठे जात असेल ते कळतं.

माती-खडकावर एकच परिच्छेद पुरे पण तो बरोबर लिहा. आपल्याखाली दख्खनचा बेसाल्ट आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, तोच जो सह्याद्रीत आहे, म्हणून पुण्याच्या नातेवाइकांना सांगा की खडक एकच आहे. त्याची झालेली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून जुनी कच्ची घरं कलतात आणि रस्ते टिकत नाहीत. ही माती ओल धरून ठेवते म्हणून पूर्वी माळव्यात पुष्कळ शेतं पावसाळ्यात पडीक ठेवून नुसत्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा काढायचे. १९७०च्या नंतर सोयाबीन आलं आणि ती पडीक शेतं पावसाळ्यातही भरली, १९८७ मध्ये सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदूरातच उघडलं. त्याच्या आधी ज्वारी, कापूस, आणि त्याच्याही आधी अफू, १९व्या शतकात माळव्याच्या अफूवर किती सावकार उभे राहिले. तुमच्या गावात कुठलं पीक कधी आलं आणि कधी गेलं हे एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून लिहून घ्या, ते कुठल्याच वेबसाइटवर नाही मिळणार. पाऊस साधारण ९०० ते १००० मिलिमीटर या भागात, बहुतेक सगळा मिडजून ते सप्टेंबरात. आणि ती माळव्याची म्हण, "पग पग रोटी, डग डग नीर", ती लिहाच, पण तिच्या शेजारी गावातले ट्यूबवेल आता किती फुटांवर गेलेत तेही लिहा.

इतिहासात मी सगळ्यात जास्त अडकले म्हणून इथे जास्त लिहितेय.

पहिली पायरी गॅझेटियर, म्हणजे सरकारने छापलेलं गावा-जिल्ह्यांच्या माहितीचं पुस्तक. इंपीरियल गॅझेटियर १९०८-०९ चं, त्यात छोट्या छोट्या कसब्यांवर पण आठ-दहा ओळी आहेत, नेटवर फुकट स्कॅन मिळतं. त्याच वेळचं लुआर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने केलेलं इंदूर स्टेट गॅझेटियर आहे, नंतर १९३१ चं धारीवाल यांचं, आणि स्वातंत्र्यानंतर १९७१ चं इंदूर जिल्ह्याचं. चारही समोर ठेवून एकाच गावाची नोंद वाचा, कुठली ओळ कुठून आली ते लगेच दिसतं, नंतरच्याने आधीच्याचं उतरवलंय का नवीन काही बघितलंय. इंदूरात असाल तर अहिल्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसा, आणि हो, तिथे गेलात की नोट्स पेन्सिलने घ्या आणि पान नंबर लिहा, मी नाही लिहिला आणि परत जावं लागलं.

गौतमपुऱ्याची जन्मकथा नावातच आहे, मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई, त्यांनी वसवलं, त्यांचंच नाव. आणि ही नुसती सांगोवांगी नाही, होळकरांकडे खासगी नावाची वेगळी व्यवस्था होती, जानेवारी १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी गौतमाबाईंना खासगी जहागिरीची सनद दिली, म्हणजे राज्याचा खजिना वेगळा आणि राणीचा वेगळा. पुढे अहिल्याबाईंनी देशभर घाट, धर्मशाळा, देवळं बांधली त्याला हाच खासगीचा पैसा. गौतमपुरा त्या खासगीत. मला हे कळलं तेव्हा आजोबा "आम्ही सरकारचे नाही, खासगीचे" असं का म्हणायचे ते पन्नास वर्षांनी समजलं. तुमच्या गावाच्या बाबतीतही हे बघा, दौलतीतलं होतं का खासगीतलं, का कुणा सरदाराच्या जहागिरीत, त्यावरून त्याचे कागद कुठल्या दप्तरात असतील ते ठरतं. साल लिहिताना एक करा, वसवल्याचं नेमकं वर्ष हाती कागद असल्याशिवाय लिहू नका, दोन खुंट्या ठोका, एक अलीकडची एक पलीकडची, जसं की १७३४ ची सनद आणि १७६६ मधला मल्हाररावांचा मृत्यू, आणि म्हणा की गाव वाढलं ते या काळात. हे जास्त प्रामाणिक आहे आणि वाचायलाही बरं वाटतं.

नावाच्या कथांपासून जरा सांभाळून. महूचं घ्या, पोरं व्हॉट्सॅपवर पाठवतात की हे मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉरचं शॉर्टफॉर्म आहे, ते अजिबात खरं नाही, मऊ नावाचं गाव आधीपासून होतं, जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंग्रजांनी तिथे छावणी टाकली आणि नाव त्यांच्या स्पेलिंगमध्ये गेलं. २००३ मध्ये त्याचं डॉ. आंबेडकर नगर झालं कारण बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला तिथलाच. दुसरा घोळ सारख्या नावांचा. देपालपूर म्हटलं की नेटवर पंजाबातलं, म्हणजे आताच्या पाकिस्तानातलं दिपालपूर पुढे येतं, ते जास्त प्रसिद्ध, आणि लोक तिथल्या लढाया आपल्या देपालपूरला चिकटवतात. आपलं देपालपूर अकबराच्या वेळी उज्जैन सरकारातला (सरकार म्हणजे तेव्हाचा जिल्हा) महाल म्हणून ऐन-ए-अकबरीत आहे, तेव्हा शोधताना आधी "सरकार उज्जैन" बघा मग गाव.

आणि कृपया कुठल्या संस्थानात ते तपासा, आपल्याकडे नकाशा म्हणजे गोधडी होता. गौतमपुऱ्याहून इंदूरला रेल्वेने निघा, वाटेत फतेहाबाद चंद्रावतीगंज जंक्शन लागतं, एकाच स्टेशनाच्या पाटीवर दोन गावं, फतेहाबाद शिंद्यांच्या ग्वाल्हेर राज्यातलं आणि चंद्रावतीगंज होळकरांचं, होळकर राणीच्या नावाचं. चालत दहा मिनिटांत राज्य बदलायचं. म्हणजे १९४८ च्या आधीचे यांचे कागद, जनगणना, शाळेच्या नोंदी दोन वेगळ्या सरकारांच्या पुस्तकांत. २८ मे १९४८ ला दोन्ही राज्यं मध्य भारतात आली आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेशात, या दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवा. त्याच फतेहाबादजवळ गंभीरच्या काठी धरमतची लढाई झाली, औरंगजेब आणि मुराद एकीकडे, जोधपूरचे जसवंतसिंह दुसरीकडे, एप्रिल १६५८. पुस्तकांत कुठे १५ एप्रिल दिसते कुठे २५, भांडू नका, जुन्या आणि नव्या इंग्रजी कॅलेंडरचा दहा दिवसांचा फरक आहे तो.

कॅलेंडरवरून आठवलं, आपण मराठी माणसं माळव्यात इथेच फसतो. देवळावर, बावडीवर, छत्रीवर जो शिलालेख असतो त्यात बहुधा विक्रम संवत असतं, त्यातून ५७ वजा करा, जानेवारी ते फाल्गुन असेल तर ५६. शके असेल तर ७८ मिळवा, वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांना ७९. पण खरी अडचण महिन्याची. आपला महिना अमावास्येला संपतो आणि इथल्यांचा पौर्णिमेला, म्हणून शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच पण वद्य पक्षात त्यांचा एक महिना पुढे, आपल्या आश्विन अमावास्येची दिवाळी त्यांची कार्तिक अमावास्या. शिलालेखात "कार्तिक वदी" दिसलं की आधी विचार करा लिहिणारा कोण होता, मराठी कारभारी का माळवी सुतार. जुन्या मोडी कागदांत आणखी तिसरंच, अरबी सुहूर सन, तेही शब्दांत, "सलास सलासीन मया व अलफ", म्हणजे तीन, तीस, शंभर, हजार, मिळून ११३३, त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे, म्हणजे १७३२-३३. मोडी येत नसेल तर महिनाभराचा ऑनलाइन क्लास करा, अक्षरं कळली तरी नाव आणि सन ओळखण्यापुरतं जमतं, बाकीचं जाणकाराकडून वाचून घ्या.

कागद कुठले बघायचे? पटवाऱ्याकडचा (म्हणजे तलाठ्याकडचा) खसरा, शेतांच्या नंबरांची नोंद, आणि नकाशा तर आहेच, तो ऑनलाइन पण मिळतो, पण जुन्यासाठी मिसल बंदोबस्त, म्हणजे जुन्या जमीन-मोजणीचे कागद, मागा, त्यात शेत कुणाचं, विहीर कुणाची, देवळाला जमीन किती ते असतं. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर सोनं आहे, पोराचं नाव, बापाचा धंदा, कुठून आले. राव-भाटांच्या वह्या आहेत, ते घरोघर येऊन वंशावळ वाचतात, त्यांना बसवून चहा पाजा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा, विचारून. आपल्या मराठी घरांचं असेल तर त्र्यंबकेश्वर, उज्जैन, ओंकारेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे नाव-गाव सांगा, आजोबा कुठल्या साली कुठून आले ते त्यांच्या वहीत सहीसकट असतं. आमच्या पणजोबांची सही मला अशीच मिळाली आणि खाली गाव लिहिलं होतं "हल्ली मुक्काम गौतमपुरे". मी तिथेच बसून रडले, खोटं कशाला सांगू.

गाव मोठं झाल्याचं लिहितो तसं गाव लहान झाल्याचं पण लिहा. कंपेल बघा, इंदूरहून पूर्वेला थोड्या अंतरावर, आज साधं खेडं, पण आधी परगण्याची कचेरी तिथे होती, १७२० ला ती इंदूरला आली आणि मग इंदूर वाढत गेलं. कचेरी हलली, नदी बदलली, रेल्वेचं स्टेशन पाच किलोमीटर लांब पडलं, बाजाराचा वार दुसऱ्या गावाने घेतला, छोट्या गावाचं नशीब अशा गोष्टींनी फिरतं. लढाया क्वचितच.

सण-परंपरा इतिहासातच धरा पण स्वतः बघून लिहा. गौतमपुऱ्याचं हिंगोट युद्ध, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, इथले लोक धोक पडवा म्हणतात त्या दिवशी, हिंगोटचं फळ आतून कोरून सुकवून त्यात बारूद भरतात, पिवळ्या मातीने तोंड बंद करतात, बांबूची काडी लावतात आणि संध्याकाळी गौतमपुऱ्याचा तुर्रा आणि रुणजीचा कलंगी असे दोन दल एकमेकांवर पेटवून सोडतात. आधी देवनारायणाच्या देवळात दर्शन. लोक भाजतात, दवाखान्यात जातात, आणि तरी पुढच्या वर्षी तेच लोक घरात हिंगोट कोरत बसलेले दिसतात, माझं मन अजून यावर एक होत नाही, पण लिहिताना दोन्ही बाजू लिहिल्या, जखमींचंही. तुर्रा-कलंगी ऐकलं की आपल्याला लगेच शाहिरीतले तुरेवाले-कलगीवाले आठवतात, सवाल-जवाब, शिव मोठा का शक्ती मोठी, आणि माळवा-राजस्थानातही तुर्रा-कलंगीचे आखाडे आणि ख्याल आहेतच. पण म्हणून "होळकरांच्या मराठी फौजेने ही नावं आणली" असं ठोकून देऊ नका, असं मला एका ठिकाणी लिहिलेलं दिसलं आणि खाली काहीच आधार नाही. साम्य दाखवा, तिथेच थांबा.

आता लोकसंख्या, जिला सगळे घाबरतात आणि खरं तर हीच सगळ्यात सोपी.

सेन्सस ऑफ इंडियाच्या वेबसाइटवर जा, तुमच्या जिल्ह्याचं डिस्ट्रिक्ट सेन्सस हँडबुक शोधा, २०११ चं दोन भागांत आहे, अ भागात गावात काय सोयी आहेत ते, शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता, आणि ब भागात माणसांचे आकडे, घरं, स्त्री-पुरुष, शून्य ते सहा वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, शेतकरी, शेतमजूर, इतर काम करणारे. गाव असेल तर गावाच्या यादीत, नगर परिषद असेल तर टाउनच्या यादीत बघा, वॉर्डवार पण असतं. आणि टाउन दोन प्रकारचं, एक सरकारी ठरावाने झालेलं, नगर परिषद-पालिका-छावणीवालं, आणि दुसरं सेन्सस टाउन, म्हणजे ग्रामपंचायतच पण लोक कमीतकमी ५ हजार, पुरुषांपैकी ७५ टक्के मुख्य कामगार शेतीबाहेर, आणि दर चौरस किलोमीटरला ४०० माणसं. एका जनगणनेत गाव असलेलं दुसरीत टाउन झालं तर त्याचा अर्थ रातोरात लोक वाढले असा नाही.

एकाच जनगणनेचे दोन आकडे फिरतात, हे नीट समजून घ्या. आधी येतात प्रोव्हिजनल आणि मग पक्के. इंदूर जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या अनेक ठिकाणी ३२,७२,३३५ दिसेल, तो प्रोव्हिजनल, पक्का आकडा ३२,७६,६९७. चूक नाही कुणाची, पण एकाच पानावर दोन्ही असतील तर वाचणारा म्हणेल यांना काही कळत नाही. वाढीचा टक्का असा काढा, नव्यातून जुनं वजा, आलं त्याला जुन्याने भागा, शंभरने गुणा. २००१ मध्ये जिल्हा २४,६५,८२७ होता, फरक ८,१०,८७०, म्हणजे दहा वर्षांत ३२.९ टक्के. घनता म्हणजे माणसं भागिले क्षेत्रफळ, जिल्हा ३,८९८ चौरस किलोमीटर म्हणून साधारण ८४१. गावाचंही हेच गणित, फक्त दोन्ही वर्षी हद्द तीच होती ना ते बघा, मधल्या काळात शेजारचं खेडं नगर परिषदेत घेतलं असेल तर वाढ खोटी मोठी दिसते. साक्षरतेचा टक्का काढताना पूर्ण लोकसंख्येने भागू नका, सात वर्षांच्या वरच्यांनीच भागायचं असतं, म्हणजे एकूण वजा शून्य-ते-सहा. ही चूक मी सरकारी दिसणाऱ्या कागदांवर सुद्धा बघितलीय. जिल्ह्याची साक्षरता ८०.८७ टक्के आणि हजार पुरुषांमागे ९२८ बायका असे आकडे आहेत, तुमचं गाव त्याच्या वर का खाली आणि का, यावर दोन ओळी लिहा, तुलना नसेल तर नुसता आकडा मुका असतो.

जुने आकडे लावताना आजूबाजूला काय घडत होतं ते बघा. १९०१ ला बऱ्याच गावांची संख्या १८९१ पेक्षा कमी दिसते, तो छपन्नचा दुष्काळ, संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००, माळव्यात मारवाडातून माणसं आणि गुरं घेऊन लोक आले आणि मग इथेच दुष्काळ पडला. १९११ ते १९२१ मध्ये तर पूर्ण देशाचीच लोकसंख्या घटली, १९१८ चा इन्फ्लुएन्झा. प्लेगच्या वर्षांत लोक घरं सोडून रानात झोपड्या बांधून राहायचे आणि मोजणी तेव्हा झाली तर गाव रिकामं. गावातल्या स्मशानाजवळच्या देवीच्या ओट्याबद्दल विचारा, ती देवी कुठल्या साथीत बसवली, उत्तर मिळतं.

भाषेचं वेगळं सांगते कारण आपल्या सगळ्यांना "गावात मराठी किती" हे हवं असतं. मातृभाषेचा तक्ता सी-१६ नावाने आहे, जिल्हा आणि तहसीलवार बघता येतो. त्यात माळवी आणि निमाडी हिंदीच्या पोटात मोजल्यात, म्हणून "९० टक्के हिंदी" वाचून गावात हिंदी बोलतात असं समजू नका, घरात माळवीच चालते. आणि मराठीचा आकडा कमी दिसला तर आठवा की आपल्याच घरात पोरांनी फॉर्म भरणाऱ्याला काय सांगितलं होतं.

पुढची जनगणना २०२१ ची होती ती कोविडमुळे राहिली आणि आता २०२७ ची आहे, १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीची लोकसंख्या धरून. म्हणून कुणी "२०२४ ची लोकसंख्या" म्हणून पक्का आकडा देत असेल तर तो अंदाज आहे, वापरायचा तर "अंदाजे" लिहून वापरा. मी तर वापरलाच नाही. त्याऐवजी नगर परिषदेच्या मतदारयादीत मतदार किती ते विचारलं आणि "मतदार" म्हणूनच लिहिलं.

लिहायला बसलात की आधी पाणी आणि जमीन, मग त्यावर कोण येऊन बसलं, मग आज किती आहेत आणि काय करतात, या क्रमाने घ्या, एकातून दुसरं आपोआप निघतं, काळी माती म्हणून गहू, गहू म्हणून बाजार, बाजार म्हणून छिपा-तेली-सोनार-वाणी, बाजार म्हणून राणीने तिथे गाव वसवलं. प्रत्येक ओळ वाचून स्वतःला विचारा हे मला कुणी सांगितलं, पुस्तकाने, कागदाने का माणसाने, आणि तसंच लिहा, "गावात असं सांगतात" लिहायला लाजू नका. छापायच्या आधी गावातल्या दोन माणसांना वाचून दाखवा, एक मराठी घरातलं आणि एक माळवी, दोघं वेगवेगळ्या चुका काढतात. आमच्या पुस्तिकेत एका काकांनी विहिरीचं नाव सुधारलं आणि एका भाभीने सांगितलं की तुम्ही लिहिलेला बाजाराचा वार आता बदललाय.

आणि लोकसंख्येच्या तक्त्यात २०११ च्या खाली एक ओळ २०२७ ची रिकामी सोडा. आम्ही सोडलीय, भाच्याकडे फाइल आहे, आकडा आला की तो भरेल, हद्दीसकट.